अर्धी राहिलेली माळ

सत्त्याण्णव सालची गोष्ट. परतूरच्या बाजारात भुजंग पटवेकऱ्याच्या दुकानात त्याची आई साळूबाई मणी निवडत बसली होती, आणि बसली होती ती मूग गिळून. एरवी गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत तिची जीभ चालू व्हायची. पण सून शिवकन्या माहेरी आष्टीला बाळंत झाली, लेक केसांपासून पापण्यांपर्यंत पांढरीशुभ्र निघाली, आणि तेव्हापासून बाईच्या तोंडाला कुलूप लागलं. भुजंग एकदा लेकरू बघून आला तो पुन्हा गेलाच नाही. बारसंही त्याच्यावाचून उरकलं. शिवकन्या काही परकी नव्हती. साळूबाईच्या सख्ख्या भावाची पोर, तिनंच हट्टानं सून करून आणलेली. तरी भुजंग "हे लेकरू माझं न्हाई" म्हणाला तेव्हा बाईनं हूं की चूं केलं नाही.

त्या दुपारी सत्यशीला मॅडम मोत्यांची माळ गाठवून घ्यायला आल्या. त्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या आणि शिवकन्या त्यांच्या हाताखाली शिकलेली. त्यांनी बाळाचं विचारलं तसं भुजंगानं आढेवेढे घेत मनातला संशय सांगून टाकला. मॅडम चिडल्या नाहीत. त्याच्यापुढचं मण्यांचं ताट त्यांनी जवळ ओढलं.

शरीराच्या पेशीपेशीत एक हुकूम लिहिलेला असतो, त्या म्हणाल्या, त्यालाच जनुक म्हणतात. अक्षरं चारच. तीन-तीन अक्षरं मिळून सांगतात, आता हा मणी ओव, आता तो. असे मणी लागत लागत प्रथिनाची माळ होते, आणि कातडीचा, केसांचा रंग असंच एक प्रथिन बनवतं. एखादं अक्षर बदलून मधेच 'थांब' असा हुकूम आला, की माळ तिथंच सुटते. अर्ध्या माळेनं रंग बनत नाही.

"पण या हुकमाच्या प्रती दोन असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक धड असली तरी भागतं. दोन्ही बिघडलेल्या मिळाल्या तरच लेकरू असं होतं. म्हणजे एक तुमच्याकडूनच आली असणार, भुजंगराव."

भुजंगाला माळेचं पटलं, स्वतःचं पटेना. आमच्यात असं कुणीच न्हाई, बिलकुल न्हाई, म्हणत त्यानं आईकडं बघितलं.

साळूबाईचा हात ताटातच थांबला. तिला दिसत होती चतुरा, तिची धाकटी बहीण. उन्हात डोळे किलकिले करणारी, लोकांनी भुरी म्हणून हिणवलेली, लग्नावाचून मेलेली. घरानं तिचं नाव पुसून टाकलं होतं, आणि भाऊ गेल्यावर ते जाणणारी साळूबाई एकटीच उरली होती. बोलावं तर माहेराला बट्टा. इतके दिवस तिनं माहेर राखलं, आणि त्यापायी माहेरचीच पोर उघड्यावर टाकली. तिला स्वतःची किळस आली.

"व्हती," ती म्हणाली. "माझी धाकली बहीण, चतुरा. बराबर अशीच. माझ्यातून तुला आलं, आन् भावातून शिवकन्याला. मला सगळं माहीत व्हतं रे."

भुजंगानं दुकान बंद केलं आणि आईला घेऊन आष्टीची गाडी धरली.

शिवकन्येनं सगळं ऐकून घेतलं, लेक नवऱ्याच्या मांडीवर दिली आणि मग सासूकडं वळली.

"आत्या, तुमाला ठाऊक व्हतं. मंग इतके दिवस मी कशापायी ऐकून घेतलं?"

नातीला घ्यायला हात पुढं करायचाही साळूबाईला धीर झाला नाही. उतरतं ऊन दारातून थेट लेकराच्या तोंडावर येत होतं आणि ते डोळे घट्ट मिटून कळवळत होतं. भुजंगाला वाटलं, भूक लागली. साळूबाईला माहीत होतं. ती उठून ऊन अडवत दारात उभी राहिली, आणि दिवस बुडेपर्यंत तिथून हलली नाही.