रंगवाल्या काकांची साक्ष

व्यापारी भांडणं लढवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण समोरच्या वकिलांनी छळलं नसेल तेवढं मला माझ्याच अशिलांनी छळलंय. त्यात पहिला नंबर रंगवाल्या काकांचा.

लोखंडावर गंज चढू न देणारा रंग, एवढ्यावरच काकांचा कारखाना उभा होता. भागीदार भांडून बाहेर पडला आणि तोच रंग स्वतःच्या नावानं विकायला लागला. रंगाची कृती एकट्या काकांची ठरली तर कारखाना वाचणार, नाहीतर टाळं. इतकी सरळ केस. दोन वर्षं काका माझ्या ऑफिसात बसून सांगत होते की त्याला रंगातलं काडीचं कळत नव्हतं, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायला ठेवला होता. ऐकून ऐकून माझे कान किटले.

साक्षीच्या दिवशी भागीदारही येऊन मागच्या बाकावर बसला. काका पिंजऱ्यात गेले. नाव-पत्ता झाला, कारखाना कधी काढला ते झालं, मग मी विचारलं, ही कृती शोधून काढण्यात भागीदाराचा हात किती होता?

काकांनी चष्मा काढून हातात घेतला. न्यायाधीशांनी मान वर केली.

"कृती त्याचीच," काका म्हणाले. "मी नुसता ढवळत होतो."

मी प्रश्न फिरवून विचारला, तर काका मलाच झापायला लागले, त्याच्याबद्दल असलं काही वदवून घेऊ नका म्हणून. समोरचा वकील उठला, मला काही विचारायचं नाही म्हणाला आणि बसला. गालातल्या गालात हसत होता मेला.

बाहेर व्हरांड्यात मी आवाज चढवला. अहो, मग दोन वर्षं माझं डोकं कशाला खाल्लंत? कारखाना घालवलात, कामगारांना घरी बसवलंत, माझी शोभा झाली ती वेगळीच. तुमच्याकडे बसून त्याला शिव्या घालणं निराळं, काका म्हणाले, शपथ घेतल्यावर जीभच उचलेना.

मग चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "त्यानं ऐकलं ना?"

हो म्हणायला माझं काय जात होतं? पण मी इतकी चिडले होते की खरं ते बोलून गेले. "नाही. त्याचा फोन आला होता, तो बाहेर गेला होता."

काका मटकन जिन्यावर बसले. कारखाना गेला म्हटल्यावरसुद्धा बसले नव्हते.

"मग मला पुन्हा पिंजऱ्यात उभं करा ना, वकीलबाई."