लॉरेन हुडाक उठत नाही

न्यायाधीश येत असल्याचा वॉल्टने पुकारा केला तसं सगळं कोर्ट उभं राहिलं. लॉरेन हुडाकने मात्र मांडीवरची पर्स सारखी केली आणि पाय जरा पुढे पसरले. शेजारी डॅरेन कधीचाच ताठ उभा होता. त्याने खाली न बघता आईच्या खांद्याला बोट लावलं. तिने ते झटकलं नाही आणि ती उठलीही नाही.

गाडीतून येताना याच गोष्टीवरून दोघांचं वाजलं होतं. विजेच्या तारा ओढणाऱ्या कामगारांच्या युनियनने डॅरेनला शिकाऊ म्हणून घ्यायचं कबूल केलं होतं. फक्त त्याच्या नावावरचा जुना गुन्हा पुसला गेल्याचा कागद शुक्रवारच्या आत हवा होता. आमच्या खोऱ्यातला कोळसा संपल्यापासून पोरांना अशी नोकरी म्हणजे लॉटरीच. आणि ही बाई म्हणत होती की त्या खोलीत मी पुन्हा उभी राहणार नाही.

तिच्या म्हणण्यालाही कारण होतं. चौदा वर्षांचा असताना डॅरेनने शाळेबाहेरच्या फलकावरची सुटी अक्षरं हलवून मुख्याध्यापकांबद्दल एक चावट ओळ जुळवली होती. गाव पोट धरून हसलं आणि मग समन्स आलं. कोर्टातल्या कारकुनाने लॉरेनला समजावलं, वकील आणलात तर पोरगा उगाच गुन्हेगार वाटेल, वकील नको म्हणून इथे सही करा, आमचे जज मुलांच्या बाबतीत फार मायाळू आहेत. तिने सही केली. पोराला इस्त्रीचा शर्ट घातला, ताठ उभा राहा, दर वाक्याला 'सर' म्हण, असं बजावलं. जज हॅलोरन आत आले तेव्हा सगळ्यांच्या आधी ती स्वतः उठली होती. हातातली कॉफी गार व्हायच्या आत निकाल लागला. पायात बेड्या घालून डॅरेनला डोंगरापलीकडच्या नव्याकोऱ्या खासगी सुधारगृहात नेलं, नऊ महिन्यांसाठी. ते सुधारगृह बांधणारा माणूस दर पोरामागे हॅलोरनला पैसे पोचवत होता, हे टीव्हीवर सगळ्या देशाला पुढे कधीतरी कळलं. डॅरेनचा आवाज आत असतानाच फुटला. लॉरेनला तो फोनवर ओळखूच आला नव्हता.

हॅलोरन आता स्वतः तुरुंगात होता, पण गावाचं मन काही थाऱ्यावर आलं नाही. गाडी उभी केल्याचा साधा दंड झाला तरी लोक विचारायचे, यात कुणाचा वाटा? ज्युरीत बसायचं बोलावणं आलं की अर्ध्या गावाची पाठ धरायची. चर्चच्या तळघरात सारण भरलेल्या पिरोगी वळताना कुणी जजच्या निवडणुकीचं नाव काढलं, तर बायका हाताचं पीठ झटकून दुसरा विषय काढायच्या.

हॅलोरनने केलेलं निस्तरायला राज्याच्या दुसऱ्या टोकाहून मिसेस टेंप्लटन या नव्या न्यायाधीश आणल्या होत्या. त्या खुर्चीत बसल्या, लोक बसले आणि त्यांची नजर लॉरेनवर थांबली. पुकारा करणारा बेलिफ वॉल्ट घाईघाईने तिच्यापाशी आला. हा तिच्याच चर्चमधला, रविवारी वर्गणीचं ताट फिरवणारा. डॅरेनच्या पायात बेड्याही त्यानेच घातल्या होत्या.

“लॉरेन, ऊठ गं बाई,” तो कुजबुजला. “पोराचं काम आहे.”

“ठाऊक आहे. मागच्या वेळीही पोराचंच होतं.”

न्यायाधीशांनी हाताने वॉल्टला थांबवलं.

“मिसेस हुडाक, तब्येत बरी नसेल तर बसून राहायला काहीच हरकत नाही.”

वॉल्टने सुटकेचा निःश्वास टाकला. वाट इतकी सोपी करून दिली होती की नुसती मान हलवली तरी भागलं असतं.

“गुडघा म्हण,” डॅरेन ओठ न हलवता म्हणाला. “आई, गुडघा.”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत,” लॉरेनने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसू खोकल्यात दडवलं. न्यायाधीश हसल्या नाहीत.

“उभं राहणं माझ्यासाठी नसतं. कायद्यासाठी असतं.”

“मागे त्याच्यासाठीच उभी राहिले होते. कायदा आलाच नाही, हॅलोरन आला.”

“मी हॅलोरन नाही.”

“पकडला जाईपर्यंत तोही नव्हता.”

वॉल्टने डोळे मिटून घेतले. लॉरेनला भीती वाटत नव्हती असं नाही. या न्यायाधीशबाईने चिडून सुनावणी पुढे ढकलली तर शुक्रवार हातचा जाईल, हे तिला पक्कं कळत होतं. पण भीती आजची होती आणि राग फार दिवसांचा होता.

न्यायाधीश म्हणाल्या, “बसा,” आणि त्यांनी डॅरेनचं नाव पुकारायला सांगितलं.

तो पुढच्या टेबलाशी, आईच्या हाताच्या अंतरावर उभा राहिला. न्यायाधीशांनी हुकूम वाचला. हॅलोरनचा निकाल रद्द, सगळी कागदपत्रं नष्ट. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत त्यांनी मायेने सांगितलं, कायद्याच्या नजरेत हे आता कधी घडलंच नाही, कुणी विचारलं तर बिनदिक्कत नाही म्हण. या वाक्याला आया रडतात, हे त्यांना सवयीने माहीत असावं. लॉरेननेही रुमाल शोधायला पर्स उघडली.

“मग ते नऊ महिने मी कुठे होतो म्हणून सांगू?” डॅरेनने विचारलं.

आवाजात उद्धटपणा नव्हता. अनोळखी गावात रस्ता विचारावा तसं त्याने विचारलं.

“सांगायची गरजच पडणार नाही,” न्यायाधीश म्हणाल्या. “तुझं नाव कुठेच राहणार नाही.”

“म्हणजे त्याने माझं काही केलंच नाही, असं होणार.”

लॉरेनने मागून त्याची बाही धरली.

“डॅरेन, घे तो कागद आणि चल.” मघाशी सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं बोलणारी ती आता कुजबुजत होती.

तो वळला नाही.

“निकाल खोटा होता असं लिहा,” त्याने न्यायाधीशांना सांगितलं. “पण पुसू नका. त्याचं नाव आणि माझं नाव, दोन्ही राहू द्या.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला. काही न लपवता त्यांनी त्याला समजावलं, की निकाल रद्द झाला तरी नोंद दिसत राहील, प्रत्येक मालकाला, युनियनलाही. दरवेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागेल आणि ऐकणारा विश्वास ठेवेलच असं नाही. हवा तर थोडा वेळ घे, असंही त्या म्हणाल्या.

“सांगेन दरवेळी,” डॅरेन म्हणाला. “नाही घेतलं तर नाही.”

न्यायाधीशांनी लॉरेनकडे पाहिलं.

“तो आता सज्ञान आहे, मिसेस हुडाक. तुमच्या सहीची गरज नाही. पण तुम्हाला काही म्हणायचं आहे का?”

म्हणायचं पुष्कळ होतं. हे खोरं, त्यातली बंद दुकानं, दुसऱ्यांदा न मिळणारी नोकरी. कारट्या, एवढा शहाणा कधी झालास, हेही होतं. शिवाय ऊर भरून आला होता, ते कुणाला सांगणार. तिने बाही सोडली आणि मान हलवून नाही म्हटलं.

न्यायाधीशांनी छापील हुकुमावर आडवी रेघ मारली आणि खाली हाताने लिहायला घेतलं. त्या सावकाश लिहीत होत्या. मध्येच थांबून त्यांनी डॅरेनला आडनावाची अक्षरं विचारली आणि त्याने एकेक करून सांगितली.

लॉरेनने पर्स बाकावर ठेवली आणि उठून ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. वॉल्टने काहीच पुकारलं नव्हतं.