श्रद्धांजलीच्या पानावरची शेवटची ओळ

मी दूध संस्थेचा वार्षिक अहवाल बोलतोय. आष्टी तालुक्यातल्या एका गावची ही संस्था. आम्ही आठशे भावंडं एकाच दिवशी छापखान्यातून बाहेर पडलो.

खरं तर आमचा जन्मच टळणार होता. संस्थेत संगणकावर काम करणारी संस्कृती म्हणाली होती, "आप्पा, औंदा अहवाल वेबसाईटवरच टाकू. काही चुकलं तर लगेच दुरुस्त करता येतं."

चेअरमन सुंदरराव हसले. "पोरी, मोबाईलातलं कोन बघतंय? कागद घरात ऱ्हातो. छापलेलं लोकायला खरं वाटतं."

तेव्हा मी नुसता मजकूर होतो, तरी ऐकून लई भारी वाटलं.

सुंदररावांचे चार फोटो माझ्यात आधीच होते. ऐनवेळी त्यांनी पाचवा दिला, हात जोडलेला, श्रद्धांजलीच्या पानासाठी. जागा पुरेना. छापखान्यानं खालची एक ओळ उडवली आणि कुणी पुन्हा तपासलं नाही. त्या ओळीत सटवाचं नाव होतं. चोवीस वर्षं त्यानं या संस्थेत दूध घातलं होतं.

सभेत माझ्यावरूनच नावं वाचली गेली. सगळे उभे राहिले, नावं संपली, सगळे बसले. सटवाची बायको रतनबाई मात्र उभीच राहिली.

"माझ्या मालकाचं न्हाई घेतलं?"

सुंदरराव माईकची वायर बघत बसले. संस्कृतीनं तिथंच वेबसाईटवर नाव घातलं आणि मोबाईल पुढं केला. "मावशी, हे बघा, आलं."

"माय, तू फोन घेऊन गेलीस की म्या कुटं बघू? मला कागदावर दे."

मग संस्कृतीनं मला उचललं, पेनानं खाली सटवाचं नाव लिहिलं आणि रतनबाईच्या हातात दिलं. चूक माझी नव्हती, पण पान माझं होतं. ती सल अजून जात नाही.

बाकीची भावंडं कुठं कपाटात पडली, कुठं भज्यांखाली गेली. मी देव्हाऱ्यात आहे. रोज धार काढून आली, दिवा लावला, की रतनबाई मला उघडते आणि त्या ओळीवरून बोट फिरवते. तिला वाचता येत नाही, पण जागा पाठ आहे. बोट अजून ओलंच असतं.

वेबसाईटवर नाव ठळक आहे म्हणे. माझ्यावरची छापील नावंही जशीच्या तशी आहेत. पेनाची शाई मात्र उतरत चाललीय. पहिलं अक्षर तर गेलंच.

रतनबाई, बोट जरा हळू फिरवा हो. आम्हा आठशे भावंडांत सटवा फक्त माझ्याजवळ आहे.