बॉनेटवरचं चिलट

मी गाड्या रंगवते आणि माझे बाबा घड्याळं दुरुस्त करतात. मुलीला कधीतरी अक्कल येईल आणि ती दुकानात येऊन बसेल, अशी त्यांची चार वर्षांपासूनची आशा. म्हणूनच गेल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या लाडक्या गाडीला रंग लावून घेतला तोही मला डावलून, भलत्याच ठिकाणी. तिथल्या पठ्ठ्या रंगाऱ्याने गंजावरूनच फवारा मारला आणि तीन दिवसांत गाडी हातात ठेवली. आठव्या महिन्यात दारांवरचे पोपडे निघायला लागले. मला हसू आवरेना. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

मग एके दिवशी ते गाडी घेऊन आमच्या वर्कशॉपच्या दारात हजर! किल्ली माझ्या हातात देताना म्हणाले, "रंग असा बसव की मला खोट सापडता कामा नये. नाही सापडली तर पुन्हा दुकानाचं नाव काढणार नाही. सापडली तर पहिल्या तारखेपासून दुकानात यायचं. कबूल?"

"कबूल!" मी एवढ्या जोरात ओरडले की वस्ताद आतून धावत आले. वस्ताद म्हणजे आमचे मुख्य रंगारी. सगळं ऐकून त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "पोरी, तुला वेड लागलंय का? या माणसाला खोट सापडणार नाही?"

खरं होतं ते. बाबांना स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही खोट सापडते. त्यात मागच्या भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणे. पण मला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं. गाडी माझी, रंग फवारायची गन माझी, मदतीला कोणी नाही!

बारा दिवस मी घासत होते. जुना रंग पत्र्यापर्यंत उतरवला, गंज खरवडला, पुट्टी भरली, प्रायमर मारला आणि पुन्हा घासलं. बाबा रोज दुपारी दुकान बंद करून यायचे आणि स्टुलावर बसायचे.

"अजून घासतेच आहेस?"

"त्या तीन दिवसवाल्याने नव्हतं ना घासलं, म्हणून."

यावर ते घड्याळात बघायला लागायचे. मला फार मजा यायची.

तेराव्या दिवशी गाडी बूथमध्ये घेतली. बूथ म्हणजे रंगाची बंद खोली. हवा गाळून आत येते, भिंतीला काचेची खिडकी असते आणि काम चालू असताना दार उघडायचं नसतं. बाटलीहिरव्या रंगाचे तीन हात दिले. वर चमक आणि टिकाऊपणा देणाऱ्या क्लिअरचे दोन. दुसरा हात संपला आणि मी मागे सरून बघितलं. काय सांगू! छतावरचे दिवे बॉनेटमध्ये सरळ उभे होते, एकही रेघ वाकडी नव्हती. मी मास्कच्या आत गाणं म्हणायला लागले. काचेपलीकडे वस्ताद मान डोलवत होते, त्यांच्या शेजारी बाबाही उभे होते.

तेवढ्यात बाबांनी बोट दाखवलं. मग दोन्ही हातांनी दाखवलं. मग काचेवर थापा मारायला सुरुवात केली.

बॉनेटच्या बरोबर मधोमध एक चिलट बसलं होतं. कुठून आत आलं देव जाणे. बसलं कसलं, चिकटलं होतं.

मी गन खाली ठेवायच्या आत दार उघडलं आणि बाबा आत! खिशात रुमाल नसेल, पण चिमटा असतोच त्यांच्या. तो चिमटा बॉनेटपासून वीतभर अंतरावर आला होता.

"बाबा, हात मागे!"

जन्मात मी त्यांच्यावर असा आवाज चढवला नव्हता. ते जागच्या जागी थांबले.

"अगं, दोन सेकंदांचं काम आहे. केसाएवढी स्प्रिंग उचलतो मी."

"स्प्रिंग कोरडी असते. हे ओलं आहे. ओढलंत तर पाय आत राहतील आणि वर खड्डा पडेल. मग अख्खं बॉनेट पहिल्यापासून."

"मग काय, असंच ठेवणार?"

"वाळेपर्यंत असंच ठेवायचं. उद्या मी बघते."

त्यांनी चिलटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं जे हात कणभर धूळसुद्धा सोडत नाहीत, ते त्यांनी पाठीमागे बांधले आणि एकेक पाऊल मागे टाकत बाहेर गेले. मला त्यांची इतकी माया आली की रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मी घासायचा सगळ्यात बारीक कागद पाण्यात भिजवला. चिलट होतं तेवढीच जागा अगदी हलक्या हाताने घासली आणि मशीनने पॉलिश केली. नऊ वाजता बाबा आले. डोळ्याला भिंग लावलं आणि बॉनेटवर वाकले. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. मग दारं, मग टप, मग डिकी. पाऊण तास गेला. वस्तादांचा चहा गार झाला. मी नखं खात होते.

शेवटी ते पुन्हा बॉनेटपाशी आले. "कुठे होतं गं ते?"

"शोधा की! खोट शोधणं तुमचं काम."

"नाही, खरंच सांग."

मी ऐटीत पुढे झाले आणि बोट ठेवलं. "हे इथे... नाही, जरा वर. थांबा, इथे असेल." मी नाक टेकेपर्यंत वाकले. बॉनेटमध्ये माझंच नाक दिसत होतं आणि शेजारी बाबांचं भिंग. मलाही सापडेना! मी जी हसत सुटले, ती खाली बसले. बाबांनाही हसू फुटलं. भिंग डोळ्यावरून निसटलं, ते त्यांनी वरच्यावर झेललं.

"मला नाही सापडलं," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "धुवायची कधी गाडी?"

"महिनाभर नाही."

"नुसतं पाणीसुद्धा?"

"नुसतं पाणीसुद्धा नाही."

"बरं," बाबा म्हणाले. माझ्या बोलण्यावर 'पण' न लावता ते नुसतं 'बरं' म्हणाले, असं आमच्या घरात पहिल्यांदाच घडलं होतं.