पाटीसकट

सौंदर्यानं फोटोची डावी कड बोटानं हळूहळू बाहेर ओढली. आधी उंच भिंत आली, मग भिंतीजवळची पाटी. पाटीवरचा 'कारागृह' हा शब्द पुरता दिसायला लागला, तिथं तिनं बोट उचललं.

फोटो तिनं त्याच दिवशी, शनिवारी सकाळी काढला होता. गेली होती कळंब्याच्या तळ्यावर पाखरं टिपायला. परतताना जेलसमोरच्या रस्त्यावर एक बाई दिसली. कुणाच्या तरी उभ्या मोटरसायकलच्या आरशात ती वाकून बघत होती. बोट ओलं करून केस चापून बसवत होती, कुंकू सारखं करत होती. आत आपलं माणूस भेटणार, त्याला आपण बरं दिसावं, एवढीच तिची धडपड. बाई पाठमोरी होती, पण आरशात तिचा चेहरा स्वच्छ आला होता. सौंदर्यानं रस्त्याच्या पलीकडून तीनदा बटण दाबलं. बाईला पत्ताही लागला नाही.

घरी आल्यावर पाटी तिनं आपणहून कापली होती. का, ते तिला नीट सांगता आलं नसतं. ती तिथं नको वाटली, एवढंच.

चुलतभावाचा जुना कॅमेरा हातात आल्यापासून आठ महिने ती फेसबुकवरच्या एका ग्रुपवर फोटो टाकत होती. प्रत्येक फोटोखाली लिहायची, 'कसा वाटला? काय सुधारू?' उत्तरं यायची ती दोन-चार अंगठ्यांची, नाहीतर 'कॅमेरा सरळ धरा' अशी. ग्रुप चालवणाऱ्या जोतीराम सरांचा शब्द तिथं शेवटचा. त्यांनी तिच्या फोटोखाली आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

'क्षण उत्तम पकडलाय. पण डावीकडे काय होतं? का कापलंत? ही बाई कुठं उभी आहे ते कळलं, तर फोटोत गोष्ट येईल.'

तिनं पाटीसकट फोटो पुन्हा टाकला. पाचच मिनिटांत सरांचं उत्तर आलं. 'आता जमला. या महिन्याच्या निवडीत धरतो. निकाल उद्या संध्याकाळी सहाला.'

रविवारी दुपारपर्यंत फोटो कुठल्या कुठं गेला. ज्यांना ती ओळखतही नव्हती अशी माणसं तो पुढं पाठवत होती. कॉलेजातल्या मैत्रिणींचे फोन आले. साडेचारला एक मेसेज आला, संयोगिता नावाच्या मुलीचा.

'ताई, आरशातली बाई माझी आई हाय. फोटो आत्ताच्या आत्ता काढून टाका. माझं लगीन ठरलंय. भाऊ आत हाय हे त्या लोकास्नी म्हाईत न्हाई. तुमच्या पाया पडते.'

सौंदर्यानं मेसेज दोनदा वाचला. फोटो काढून टाकायला अंगठा वर गेला आणि तिथंच थांबला. दीड तासाचा तर प्रश्न होता. तिनं फोन पालथा ठेवला, स्वयंपाकघरात गेली आणि कुणी न सांगताच कणीक मळायला बसली.

"आज काय झालं गं तुला?" आईनं विचारलं.

"काय न्हाई."

सहा वाजता तिचा फोटो पहिला आला. सरांनी त्यावर परिच्छेदभर लिहिलं होतं. तिनं तो शेवटपर्यंत वाचला, त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला आणि मग फोटो पुसून टाकला.

'काढला,' तिनं संयोगिताला कळवलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'काढलासा, बरं झालं. पण रविवारी पाचलाच तो त्या लोकांच्या मोबाईलवर गेलता. लगीन मोडलं.'

पाचला. सौंदर्या त्या आकड्याकडं बघत राहिली.

'मला येऊन माफी मागायची हाय,' असं तिनं लिहिलं. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी फक्त पत्ता आला.

शिवाजी पेठेत, तालमीच्या मागच्या बोळात दोन खोल्या होत्या. संयोगिता बाहेरच उभी होती. सौंदर्याच्याच वयाची. डोळे सुजलेले, पण आवाज कोरडा.

"आईला ह्यातलं काय म्हाईत न्हाई," ती हळू आवाजात म्हणाली. "गाव सोडून आम्ही हितं आलो, ते सयाजीला भेटायला जवळ पडावं म्हणून. हितं सगळ्यांना सांगितलंय, भाऊ गुजरातला कंपनीत हाय. आईला सांगितलंय, पत्रिका जुळंना म्हणून लगीन मोडलं. खरं कळलं तर ती त्याला भेटायला जायचीच बंद हुईल. तवा माफीबिफी काय न्हाई. मैत्रीण म्हणून आत या, च्या घ्या आन् जावा."

"मग मला बोलावलं कशाला?"

"आरशातनं बघितलासा तिला. एकदा समोरनं बघा."

आत तिची आई, बनाबाई, गॅसपाशी उकिडवी बसून चहा गाळत होती. फोटोतल्यापेक्षा लहानखुरी. हसली की पुढच्या दातांतली फट दिसायची.

"ये पोरी, बस. हिच्या मैत्रिणी येत न्हाईत कुणी. बरं झालं आलीस." तिनं बशीत खारी ठेवली. "ऐकलंस न्हवं? मोडलं बघ लगीन. साखरपुडा झाल्यावर पत्रिका बघायचं सुचलं त्यास्नी! पोरगं गुणाचं व्हतं. कुणाची नजर लागली, देव जाणं."

सौंदर्यानं तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"आई, पुरं की आता," संयोगिता म्हणाली.

"का पुरं? आपल्या माणसापाशी बोलायचं न्हाई तर कुणापाशी?" बनाबाईची नजर सौंदर्याच्या मांडीवरच्या पिशवीवर गेली. "ह्यात काय हाय गं?"

"कॅमेरा." कार्डावरचा फोटोही संयोगिताच्या समोर पुसायचा, म्हणून तिनं तो आणला होता.

"फोटो काढतीस व्हय तू?" बनाबाईनं पदराला हात पुसले. तिच्या चेहऱ्यावर एकदम उजेड आला. "मग हिचा एक चांगला काढ की. मोबाईलवरचे कसले येत्यात! दुसरं स्थळ आलं तर दाखवायला तरी हुईल."

"नगं आई. आज नगं," संयोगिता म्हणाली.

"नगं काय? माणूस आपणहून घरात आलंय. ऊठ. हितं ये, दारापाशी, उजेडाला."

बनाबाईनं लेकीला हाताला धरून उठवलं. पदराच्या टोकानं तिचा चेहरा पुसला. कानामागं सुटलेली बट बोट ओलं करून चापून बसवली आणि बाजूला झाली.

सौंदर्यानं कॅमेरा डोळ्याला लावला. तिनं कोपर गुडघ्यावर टेकलं.

"हास की जरा," बनाबाई म्हणाली.

"कुठं बघू?" संयोगितानं विचारलं.

सौंदर्या नुसतीच भिंग फिरवत राहिली. संयोगितानं एकदा आईकडं बघितलं. मग थेट भिंगात बघून, आईला बरं वाटावं एवढंच हसली.