मागची खोली ते हॉल

बाबांनी सुटकेस रिकामी केली नव्हती. लेकीकडे राहायला आल्यापासून ती खाटेखाली भरलेलीच होती. सकाळी तिच्यातून शर्ट निघायचा आणि धुऊन, वाळून, घडी होऊन पुन्हा तिच्यातच जायचा. लेकीने कपाटाचे दोन कप्पे पुसून, कागद घालून मोकळे ठेवले होते, पण त्यांच्याकडे बाबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. खोली झाडताना तिचा झाडू त्या सुटकेसला लागे आणि ती ते रिकामे कप्पे पुन्हा एकदा पुसून घेई.

बाबा जन्मभर वायरमन. आई गेल्यावर एकटेच राहायचे. मध्यंतरी न्हाणीघरात पाय घसरून पडले, ते सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरशीवर तसेच पडून. शेजाऱ्यांना हाक ऐकू गेली तेव्हा कुठे सुटका झाली. हाड एकही मोडलं नव्हतं, पण लेकीने हाय खाल्ली. दिवसभर कुणाला पत्ताच नाही, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने त्यांना जवळजवळ ओढूनच आपल्या घरी आणलं.

"बघू, जमलं तर राहीन," बाबा म्हणाले होते.

जमायचं होतं ते त्यांच्या खेळातल्या आगगाडीचं. टीचभर इंजिन, त्यामागे डबे, दोन मोठ्या फळ्यांवर लंबगोल फिरणारे रूळ, एक स्टेशन, आणि स्टेशनवर नखाएवढी माणसं. ती माणसं आईने एक डोळा मिटून, श्वास रोखून रंगवलेली. एकाच्या हातात तर छत्रीसुद्धा होती. जुन्या घरात या पसाऱ्याला एक अख्खी खोली होती. इथे माणसांनाच खोल्या मोजून मिळालेल्या. टेम्पोतून उतरलेल्या फळ्या पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि घरातली सगळी मंडळी खेकड्यासारखी आडवी चालू लागली.

लेकीने टेप घेऊन घर पालथं घातलं. मागच्या खोलीत फळ्या मावत होत्या, पण खाट उभी केली तरच. "मग मी उभ्याने झोपतो," बाबा म्हणाले. जेवणाच्या टेबलावर एक दिवस गाडी मांडून पाहिली, तर तिच्या नवऱ्याने सवयीने पाण्याचा जग थेट प्लॅटफॉर्मवर ठेवला आणि छत्रीवाला गृहस्थ आडवा झाला. रूळ आवळून वर्तुळ लहान केलं, तर इंजिन प्रत्येक वळणावर कोलांटी मारू लागलं.

राहिला हॉल. हॉलमध्ये सासूबाईंचा दिवाण. गुडघे गेल्यापासून खिडकीजवळच्या त्या दिवाणावरच सासूबाईंचं राज्य होतं. नवऱ्याने एकदा छाती करून विचारलं, "आई, दिवाण जरासा सरकवला तर?"

"जरासा म्हणजे कुठवर? दाराबाहेर?"

विषय तिथेच मिटला. खरं तर सासूबाई वाईट नव्हत्या, नुसत्या फटकळ होत्या. पण फटकळ माणसापुढे भित्र्या माणसाचं जे होतं तेच व्याह्यांचं झालं होतं. बाबा त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसायचे, चहा संपला की उठायचे आणि आपल्या खोलीचं दार लावून घ्यायचे.

शेवटी एका संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "राहू दे गं चिमणे. पाय आता ठणठणीत आहे. मी आपला तिकडेच बरा."

ती उठली. स्वयंपाकघरात गेली, नळ मोठा सोडला आणि पदराआड रडायची सोय नव्हती म्हणून टॉवेलात तोंड खुपसून रडली. नळाने आवाज झाकला खरा, पण दिवाणावरून स्वयंपाकघर स्वच्छ दिसतं, हे ती विसरली होती.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सासूबाईंनी तोंड उघडलं. "काय हो व्याहीबुवा, तुमची ती गाडी गोल गोल कशाला फिरते?"

बाबांच्या हातातला कप थबकला. "वळण नको, विहीणबाई? वळणाशिवाय ती परत कशी येणार?"

"गेली तशी येईल. तुम्ही बाजारात जाता ते गोल फिरून घरी येता का? डब्यात बसलेली माणसं बिचारी, निघाली तिथेच पुन्हा उतरतात. त्यांना कुठे पोचवायचं की नाही?"

बाबांना इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. ते चिडले असावेत, कारण खुर्चीच्या कडेवरून चक्क मागे रेलून बसले. "बरं, सरळ टाकू. माझ्या खोलीतून निघाली, पॅसेजमधून इथे आली. पुढे? तिथे इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. ते कोण करणार? मी दर वेळी धावत येऊ?"

सासूबाईंनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"मी काय इथे शोभेला बसलेय?" त्या म्हणाल्या.

मग घरात आठवडाभर भुसाच भुसा झाला. मोठ्या फळ्यांच्या वीतभर रुंद पट्ट्या झाल्या. त्या कापताना बाबांचा जीव खालीवर होत होता, आणि जावई करवत धरून उगाचच "सॉरी, सॉरी" म्हणत होता. पॅसेजच्या भिंतीला, कमरेच्या उंचीवर, चपलांच्या कपाटावरून पट्टी गेली. जुनं स्टेशन मागच्या खोलीत राहिलं आणि दिवाणाच्या उशाशी नवं उभं राहिलं. छत्रीवाल्याला सासूबाईंनी मागून घेतलं. दोन्ही दारांच्या चौकटीतून जाणारे पट्टीचे तुकडे रात्रीच काढले जात, त्यामुळे दिवसा दारं लागेनाशी झाली. बाबांना खोली उघडी ठेवणं भागच पडलं.

आणि बाबांनी घंटा बसवल्या. एक इकडे, एक तिकडे. नियम साधा. गाडी सोडायच्या आधी घंटा द्यायची, पलीकडून उलट घंटा आली की रस्ता मोकळा, मगच गाडी सोडायची. सासूबाई निवृत्त होईपर्यंत टेलिफोनच्या बोर्डावर बसलेल्या. त्यांना हे शिकवावं लागलं नाही. उलट बाबांनाच बोलणी बसू लागली. "घंटा काय अशी घाबरत घाबरत देतात? ठणकावून द्या!" लेक चष्म्याच्या दुकानातून थकून यायची, तेव्हा घरभर ठणठणाट चाललेला असायचा आणि तिला तो फार आवडायचा.

पण सुटकेस खाटेखाली होती तशीच होती.

एकदा नवऱ्याने पॅसेजमधल्या खुंटीवरून कोट ओढला आणि अख्खी गाडी चपलांच्या कपाटामागे गेली. सासूबाईंनी हॉलमधून हुकूम सोडला, "व्याहीबुवा, त्या खुंट्यांखाली बोगदा करा!"

"त्याला भक्कम खोकं हवं. पुठ्ठा टिकायचा नाही," बाबा म्हणाले. "बघू. मी असलो तर करीन."

असलो तर! लेकीने कुकरचं झाकण जरा जोरातच लावलं.

पुढे एका सुट्टीच्या दुपारी ती इस्त्री करत होती. हॉलमधून घंटा गेली. उलट घंटा आली नाही. सासूबाईंनी पुन्हा दिली. मागची खोली गप्प. लेकीच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ती न्हाणीघराची फरशी आली.

तेवढ्यात तिच्यासमोरून सासूबाई गेल्या. काठी दिवाणापाशी विसरून, भिंतीचा आधार घेत, गुडघ्यांची पर्वा न करता, भराभर. व्याह्यांच्या खोलीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

बाबा खुर्चीत घोरत होते.

"अहो!" सासूबाई ओरडल्या. बाबा दचकून उभेच राहिले. "घंटा दिली की उत्तर द्यायचं असतं! माणसाने काय समजायचं?"

बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

"मला बघायला आलात?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला कशाला? गाडी बघायला आले," सासूबाई म्हणाल्या आणि धाप लागल्यामुळे खाटेवर बसल्या. दारातून लेक पाहत होती. एका उत्तराला उशीर झाला तर या घरात कुणीतरी उठून येतं, एवढंच तिला हवं होतं, आणि ते झालं होतं. पण ती बाबांना काहीच म्हणाली नाही. राहायचं की जायचं, हे त्यांनीच ठरवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती कामावरून आली. पॅसेजमध्ये कोट अडकवायला हात वर केला, तेवढ्यात घंटा झाली, उलट घंटा आली, आणि मागच्या खोलीतून निघालेली गाडी खुंट्यांखालच्या बोगद्यात शिरली. दुसऱ्या बाजूने बाहेर पडून हॉलकडे गेली.

बोगद्याला मूठ होती. दोन कुलपं होती. दोन्ही बाजूंना करवतीने कापून, पॉलिशपेपरने कडा गुळगुळीत करून, कमानदार भोकं पाडलेली होती.

कोट तसाच हातात धरून ती मागच्या खोलीत धावली. खाटेखाली काही नव्हतं. कपाटाच्या दोन्ही कप्प्यांत शर्ट लावलेले होते. ती बाबांना मिठी मारणार, एवढ्यात हॉलमधून घंटा वाजली.

"चिमणे, जरा बाजूला हो," बाबा म्हणाले. "रस्ता मोकळा आहे म्हणून सांगायचंय."