हसण्याचे अर्ज

बडोद्याच्या एका सरकारी कचेरीत शिरस्तेदार असलेले दिनकरराव संध्याकाळी वाडीतल्या आपल्या घरी पोचले की आतलं हसणं बंद पडे. रोजचंच ते. दाराशी जोडे वाजले रे वाजले की "नाना आले!" म्हणत धाकटी लीला पाटी पुढ्यात ओढी, हेरंब पुस्तकात डोकं घाली आणि त्यांची बायको सुनीती चुलीकडे वळे. दिनकररावांना हे फार लागे. आपल्यालाही त्या हसण्यात घ्यावं, एवढीच त्या बापड्याची इच्छा. पण ती तोंडाने कशी सांगायची, हे वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लेखी काय द्यायचं ते मात्र पक्कं ठाऊक होतं.

म्हणून एका सोमवारी त्यांनी घरात हुकूम काढला. महाराजांच्या राज्यात शिक्षण सक्तीचं, मग घरातली मौज सक्तीची का नको? रोज साडेसहा ते सात सर्वांनी मिळून खेळावं, हसण्याची सुरुवात वयाने मोठा असेल त्याने करावी, जास्त हसायचं असल्यास आगाऊ अर्ज द्यावा. अर्जांच्या नोंदीला त्यांनी आवक-जावकाची वहीसुद्धा घातली.

पहिल्याच दिवशी घोडं अडलं. सागरगोटे मांडले, सगळे गोल बसले आणि दिनकररावांकडे बघू लागले. त्यांनी घसा साफ केला, "हा" म्हणाले आणि वहीत नोंद केली. मग वयाच्या क्रमाने बाकीच्यांनी "हा" केलं.

"अहो, झालं ना? भात करपतोय," सुनीती म्हणाली.

पण पोरं कसली वस्ताद! बुधवारपर्यंत अर्ज येऊन पडले. पोट दुखत असल्याने आजचं हसणं उद्यावर ढकलावं, असा हेरंबचा. मांजर शिंकल्यामुळे विनापरवाना हसले, माफी असावी, असा लीलाचा. दिनकररावांनी एकूण एक कागद वाचून शेरे मारले. मांजराकडून खुलासा मागवावा, असंही एकावर लिहिलं. काम मार्गी लागलं असं त्यांना वाटलं. खरं तर माणूस हाताबाहेर गेला होता.

शनिवारी कचेरी लवकर सुटली. नवे जोडे चावत होते, म्हणून ते हातात घेऊन दिनकरराव अनवाणीच घरापाशी आले. आत हसण्याचा नुसता गोंधळ. त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं. त्यांची जुनी पगडी घालून लीला वहीसमोर बसली होती आणि डोळे वटारून सांगत होती, "हे हसणं नियमात बसत नाही! मांजराला हजर करा!"

"साहेब, गरीब आहे हो माझं मांजर," कडेवर मांजर घेतलेली सुनीती कळवळून म्हणाली. हेरंब जमिनीवर गडाबडा लोळत होता. "बहु मजा पडली," असं बडोद्याच्या गुजराती वळणाचं काही त्याला धड म्हणताही येईना.

दिनकररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कडीला हात घातला आणि तो तिथेच राहिला. आपण आत पाऊल टाकलं की हे सगळं थांबणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांना रडू आलं. मग ते ओट्यावर बसले, खिशातला कागद काढून अर्ज लिहिला आणि दाराखालून आत सरकवला: अर्जदार दिनकरराव यास सदर खेळात घ्यावे.

आत चिडीचूप झालं. थोडी कुजबुज झाली. कागद परत आला, त्यावर लीलाचं वेडंवाकडं अक्षर: शिरस्तेदाराची जागा भरली आहे. पट्टेवाल्याची रिकामी आहे.

दिनकररावांनी उपरणं कमरेला बांधलं आणि आत जाऊन मुजरा केला. "हुजूर, पट्टेवाल्यानं करायचं काय?"

लीलाने आईकडे पाहिलं. सुनीतीने मान खाली घातली. मग लीलाच धीर करून म्हणाली, "दारात उभं राहायचं. नाना येताना दिसले की आम्हाला सांगायचं."

दिनकरराव दाराशी गेले, गल्लीच्या या टोकाला पाहिलं, त्या टोकाला पाहिलं.

"कुणी येत नाही, हुजूर," ते म्हणाले. "चालू द्या."